डोक्यासाठी सोडलेली जागा

भाच्याने वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'ज्युरासिक वर्ल्ड: रिबर्थ'चा ट्रेलर आला त्या आठवड्यात सुरू झालेली, जूनपर्यंत वाढत गेलेली. पेन्सिलीने लिहिलेली, आणि प्रत्येक ओळीपुढे एक रिकामी चौकट, सिनेमा बघून आल्यावर बरोबरची खूण करायला. स्पिनोसॉरस पाण्यात पोहताना दिसला पाहिजे. टी-रेक्स पाहिजेच, पण शेवटी त्याची कुणाशी कुस्ती लावू नये. एकाला तरी पिसं हवीत. टोळ नकोत. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: राफ्ट.

तो अकरा वर्षांचा आहे आणि या बाबतीत माझ्याहून कडक आहे. आम्ही वेताळ टेकडीवर जुन्या खाणीच्या काठाशी बसलो होतो. नुकताच पाऊस होऊन गेला होता, खाणीत गढूळ पाणी साठलं होतं.

"मावशी, तुझं काय लिहू?"

"लिही, वाट बघायला लावली पाहिजे."

पेन्सिल थांबली. "कशाची?"

"डायनोसॉरची. तो दिसायच्या आधी."

त्याने लिहिलं, पण पुढे चौकट काढली नाही. "हे बरोबर की चूक, कसं ठरवणार?" म्हणाला.

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर द्यायला मला एकतीस वर्षं मागे जावं लागलं.

'ज्युरासिक पार्क' अमेरिकेत १९९३ च्या जूनमध्ये लागला. आपल्याकडे तो १९९४ साली आला आणि हिंदीत बोलत आला. आमच्यासारख्या घरांना हे फार मोठं होतं. तोवर इंग्रजी सिनेमा म्हणजे कॅम्पातल्या थिएटरात, इंग्रजी येणाऱ्यांनी बघायची गोष्ट. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. फर्स्ट शिफ्ट संपवून, डबा हातात तसाच घेऊन ते थेट थिएटरवर आले. मी आणि ताई आईबरोबर बसने गेलो. मी दहा वर्षांची होते. ते थिएटर आता नाही. खुर्च्यांचा रेक्झिन फाटलेला, पंखे सुरू, डोअरकीपरच्या हातात बॅटरी, आणि पडद्यावर सिनेमा सुरू होऊन बराच वेळ झाला तरी ज्याच्यासाठी आलो तो टी-रेक्स काही येईना.

कुंपण दाखवतात. कुंपणाआड झाडं. एक बकरी बांधलेली. माणसं गाडीतून बघतायत, आपणही बघतोय, आणि काही नाही. मग रात्र, पाऊस, वीज गेलेली, गाड्या जागच्या जागी थांबलेल्या. डॅशबोर्डवर पाण्याचे दोन पेले. त्यातल्या पाण्यात एक वर्तुळ उमटतं, मग दुसरं. बकरी जिथे होती तिथे नुसती साखळी हलत राहते. आमच्या मागच्या रांगेतल्या बाई "अगं बाई" म्हणाल्या, ते मला अजून ऐकू येतं. आणि त्या क्षणीही तो पूर्ण दिसलेला नव्हता.

पुढे कधीतरी वाचलं की सव्वादोन तासांना थोड्या कमी अशा त्या सिनेमात डायनोसॉर प्रत्यक्ष पडद्यावर आहेत जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातली संगणकावर केलेली दृश्यं तर सहा मिनिटांच्या आसपास. टी-रेक्स येतो तोच तासाभराने. दहा वर्षांच्या मुलीला विचारलं असतं तर तिने शपथेवर सांगितलं असतं की तो सिनेमाभर होता.

बाहेर आल्यावर आई आणि ताई बोलत होत्या, बाबा गप्प होते. डेक्कनच्या बसस्टॉपवर उभे असताना ते एवढंच म्हणाले, "त्याच्या मानेत हायड्रॉलिक आहे. वळताना कळतं." मला वाईट वाटलं. म्हणजे खोटा होता? बाबांनी मान हलवली. "खोटा कसा? वजन खरं आहे."

ते वाक्य तेव्हा मला समजलं नाही, पण विसरलेही नाही. बाबांचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं, हे मला पंचविशीत कळलं. स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत सुमारे बारा मीटर लांबीचा टी-रेक्स खरोखर बांधला होता, पोलादी सांगाडा, हायड्रॉलिक यंत्रणा आणि वर फोमची कातडी. चित्रीकरण कृत्रिम पावसात. ती कातडी पाणी शोषून घ्यायची, यंत्राला न झेपेल इतकी जड व्हायची, आणि अख्खा प्राणी थरथरायला लागायचा. मग दोन शॉटच्या मधल्या वेळात माणसं त्याला पुसून कोरडा करायची. पडद्यावर जे जनावर आपण पाहिलं, ते खरंच भिजलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात स्टीलचा पेला भरून ओट्यावर ठेवला आणि मुठीने ओटा बडवला. पाणी डुचमळलं, वर्तुळ काही आलं नाही. मग आईने चटणीसाठी मिक्सर लावला, तेव्हा पाण्यावर शहारा आल्यासारखं झालं, पण मधोमध सुरू होऊन काठापर्यंत जाणारं ते स्वच्छ गोल वर्तुळ नाहीच. बाबांनी पाट आपटून बघितला. ताईने उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. आमचा प्रयोग तिथे संपला. सेटवरच्या तंत्रज्ञांनाही हे साधत नव्हतं. शेवटी डॅशबोर्डखाली गिटारची तार बसवली आणि ती छेडल्यावर पाण्यात ती वर्तुळं उमटली. हे वाचलं तेव्हा मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तार! मग बरोबर. एकच कंप हवा, आपण धक्के देत होतो."

मला त्या सिनेमाची आठवण येते ती अशी, हाताने केलेल्या वस्तूची येते तशी. त्याच्या गर्जनेतही एक लहान हत्ती आहे. ध्वनी जुळवणाऱ्या गॅरी रिडस्ट्रॉम यांनी हत्तीच्या पिल्लाचा आवाज घेऊन त्यात वाघाचे आणि मगरीचे आवाज मिसळले. हे कळल्यावर मला एकदम आमच्या गल्लीत येणारा हत्ती आठवला. वर्षातून एकदा कधीतरी यायचा, कपाळावर खडूच्या रंगांची नक्षी, वर माहूत. येताना आवाज होत नसे. घंटेचा होई, पावलांचा नाही. एवढं मोठं जनावर, आणि पाय टेकताना कापसाचं पोतं ठेवावं तसा. आजी सोंडेत पोळी देई आणि मला पुढे करी. मी त्याच्या पायाच्या नखांकडे बघत उभी राहायची. सबंध गल्ली थांबायची. सायकली थांबायच्या, भांडणं थांबायची. मोठ्या जनावराजवळ माणूस असा थांबतो. डायनोसॉरच्या सिनेमाकडून मला काय हवं, हे मला कुणी विचारलं तर मी तो हत्ती दाखवीन.

मधल्या सिनेमांबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यांच्यावर राग धरायचा माझा स्वभाव नाही. १९९७ चा दुसरा, २००१ चा तिसरा, मग चौदा वर्षांची सामसूम. २०१५ मध्ये पार्क पुन्हा उघडला, आणि त्याचा मालक म्हणून इरफान खान हेलिकॉप्टरमधून उतरला तेव्हा आमच्या थिएटरात शिट्ट्या झाल्या. २०१८ च्या सिनेमात बेटावरचा ज्वालामुखी फुटतो. शेवटची बोट सुटते आणि धक्क्यावर एक लांब मानेचा ब्रॅकिओसॉरस मागे राहतो. राखेचा लोट येतो, त्यात त्याची नुसती आकृती उरते, तो मान वर करून हाक मारतो. मग आकृतीही नाही. त्या सबंध मालिकेतला, पहिल्या सिनेमानंतरचा, माझ्या मते हा सगळ्यात खरा मिनिट आहे. त्याचा शेवट असा होता की डायनोसॉर माणसांच्या जगात मोकळे सुटले. चार वर्षं सगळे वाट बघत राहिले की आता काय होणार, रस्त्यांवर, शेतांत, जंगलांत. आणि २०२२ मध्ये गोष्ट निघाली कृत्रिम टोळांची. भाचा तेव्हा आठ वर्षांचा होता. मध्यंतरात त्याने मला विचारलं, "डायनोसॉर कधी सुरू होणार?" त्याच्या यादीत टोळ का आहेत, ते आता कळलं असेल.

तर ४ जुलै २०२५, शुक्रवार. आषाढी दोन दिवसांवर. पालख्या पुण्यातून पुढे जाऊन पंधरवडा होत आला होता, रिपरिप सुरू होती. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. लेथवर आयुष्य गेल्यामुळे कानाने कमी ऐकू येतं, पण खालचा घुमणारा आवाज त्यांना खुर्चीतून कळतो. त्यांच्यासाठी आम्ही हिंदी शो घेतला. भाच्याने वही आणली होती. मल्टिप्लेक्सच्या अंधारात तिचा काही उपयोग नव्हता, तरी मांडीवर ठेवली होती.

'ज्युरासिक वर्ल्ड: रिबर्थ'च्या सुरुवातीलाच न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एक लांब मानेचा डायनोसॉर आजारी होऊन पडलेला आहे. मरायला टेकलेला. आणि भोवती ट्रॅफिक तुंबलंय, म्हणून लोक वैतागले आहेत. त्याच्याकडे कुणी बघत नाही. संग्रहालयातलं डायनोसॉरचं दालन बंद होतंय, कारण गर्दी होत नाही. सिनेमा हे झरझर सांगून पुढे बेटाकडे निघतो. मला वाटलं, थांबा ना. इथेच थांबा. गल्लीत हत्ती आला की थांबणारी माणसं आणि हॉर्न वाजवणारी ही माणसं, यांच्या मधे काय झालं, यावर एक अख्खा सिनेमा होईल. पण त्यांना तीन प्राण्यांचं रक्त आणायचं होतं, जमिनीवरचा, पाण्यातला आणि हवेतला सगळ्यात मोठा, हृदयविकाराच्या औषधासाठी. ठीक आहे. साहसकथेला निमित्त लागतंच.

मग राफ्ट आला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: मायकेल क्रायटन यांच्या १९९० च्या मूळ कादंबरीत नदीकाठी झोपलेल्या टी-रेक्सजवळून माणसं रबरी तराफ्यातून जातात, असा प्रसंग आहे. पहिल्या सिनेमात तो आला नाही. कादंबरी वाचलेले लोक तेव्हापासून तो प्रसंग मागत होते. पहिल्या सिनेमाच्या पटकथेवर काम केलेले डेव्हिड केप यांनीच या वेळी पटकथा लिहिली आणि तो प्रसंग अखेर पडद्यावर आला. तीस वर्षांहून जास्त काळ एखादी गोष्ट मागत राहायची आणि ती मिळायची, असं चाहत्यांच्या नशिबी क्वचित येतं. भाच्याचा जन्मही नव्हता तेव्हापासूनची ही मागणी, आणि त्याने ती आपली म्हणून वहीत दोन रेघा मारून लिहिली होती.

तो झोपलेला आहे. नदीच्या काठाला, पोट फुगतंय, खाली जातंय. एक मुलगी दबक्या पावलांनी राफ्ट ओढते. हवा भरायला लागल्यावर तो फुस्स करून फुगतो, सबंध थिएटरने श्वास धरलेला. राफ्ट आडवा येतो आणि आपली नजर अडते. तो बाजूला होतो तेव्हा काठावरची जागा रिकामी.

शेजारी बाबांनी खुर्चीचा हात धरला होता. भाचा माझ्याकडे वळून नुसत्या ओठांनी म्हणाला, "वाट बघायला लावली."

त्या प्रसंगाचं मोठेपण मला पाठलागात वाटलं नाही, तो चांगलाच आहे. मला ते त्या झोपेत वाटलं. राक्षस झोपत नाहीत. जनावर झोपतं, कूस बदलतं, त्याच्या पोटावर माशा बसतात. एकदा त्याला झोपलेलं पाहिलं की त्याच्या जागं होण्याला अर्थ येतो. मध्यंतरात बाबा म्हणाले, "झोपलेलं दाखवलं हे बरं केलं." त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी.

उत्तरार्धात मात्र सहा अवयवांचा, कपाळ फुगलेला एक प्राणी येतो, प्रयोगशाळेत बिघडलेला. डिस्टॉर्टस रेक्स. आमच्या मागे एक सात-आठ वर्षांचा मुलगा होता. सबंध सिनेमात त्याने सगळ्यात मोठ्याने टाळ्या तेव्हा वाजवल्या. त्याचा आनंद खरा होता आणि त्याच्यासाठी तो प्राणी असायला माझी हरकत नाही. पण बाबा मागे रेलून बसले. घरी येताना रिक्षात मी विचारलं, तर म्हणाले, "पाय टेकला की जमिनीने उत्तर द्यायला पाहिजे. जॉब चकात नीट बसला नाही, तर लेथ सांगते. हा कुठेच बसला नव्हता."

त्याआधीचा माळरानाचा प्रसंग मी मुद्दाम शेवटी ठेवला. उंच गवत, उजेड, आणि गवतातून टायटॅनोसॉरसची जोडी वर येते. शास्त्रज्ञ झालेला जोनाथन बेली जवळ जातो, तिच्या पायावर तळहात ठेवतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. शेपट्या चाबकासारख्या लांबच लांब केल्या आहेत. भाचा लगेच कुजबुजला की खऱ्या टायटॅनोसॉरांच्या अशा नसायच्या. बरोबर आहे त्याचं. पण मी तेव्हा शेपटीकडे बघत नव्हते. मला नाव ऐकू आलं होतं.

टायटॅनोसॉरस हे नाव जबलपूरच्या हाडांवरून पडलं आहे. १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना, ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून जे आपल्याला माहीत आहेत तेच, जबलपूरजवळ मोठी दगड झालेली हाडं सापडली. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी तिथल्या अवशेषांवरून नाव दिलं, टायटॅनोसॉरस इंडिकस. भारतातून नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. पुढे २००३ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की ज्या मणक्यांवर हे नाव उभं आहे, तसे मणके टायटॅनोसॉर गटातल्या बऱ्याच डायनोसॉरांचे असतात, त्यामुळे नाव शास्त्रात डळमळीत झालं. आणि ज्याच्यावरून नाव पडलं तो मणकाच हरवला होता, तो २०१२ मध्ये कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच पुन्हा हाती लागला. जगभरच्या थिएटरांत त्या जुलैमध्ये लोकांनी ज्या जनावराला बघून श्वास रोखला, त्याचं नाव नर्मदेच्या काठचं. सिनेमात हे कुणी बोलत नाही. बोलायला हवं होतं, असंही नाही. पण मला थिएटरात सांगावंसं वाटलं, शेजारच्या अनोळखी माणसालासुद्धा.

रिक्षात भाच्याने विचारलं, "पण ते खरंच गवत खायचे का? गवत तर नंतर आलं ना?"

याचं उत्तर चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोऱ्याच्या बाजूला पिजदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडं मिळतात आणि दगड झालेली विष्ठाही. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विष्ठेच्या दगडांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवले. तोवर समज असा होता की डायनोसॉर संपल्यावरच गवताचा खरा काळ सुरू झाला. विदर्भातल्या शेणाने तो समज बदलला. "म्हणजे आपल्यावाल्यांनी गवत खाल्लं होतं," भाचा म्हणाला, आणि 'आपल्यावाल्यांनी' हा शब्द त्याने इतक्या सहज वापरला की मी काही बोलले नाही.

आपल्यावाले पुष्कळ आहेत. गोदावरीच्या खोऱ्यात मिळालेला बारापासॉरस खराखुरा ज्युरासिक काळातला आहे. या मालिकेतले बहुतेक लाडके प्राणी, टी-रेक्ससुद्धा, ज्युरासिकच्या नंतरच्या क्रिटेशस काळातले. बारापासॉरसचं नाव बंगालीतल्या 'मोठा पाय' यावरून, आणि शास्त्रीय नावात त्याच्यापुढे रवींद्रनाथ टागोरांचं आडनाव. गुजरातच्या रहियोलीतून आलेला राजासॉरस, मांसाहारी, डोक्यावर शिंगासारखा उंचवटा, २००३ मध्ये नाव मिळालेला. धारकडे नर्मदेच्या खोऱ्यात अंड्यांची घरटीच्या घरटी आहेत. तिथल्या एका गावात पिढ्यानपिढ्या कुलदैवत म्हणून पुजलेले गोल दगड डायनोसॉरची अंडी असल्याची बातमी २०२३ च्या शेवटी आली, तेव्हा मी ती बाबांना दोनदा वाचून दाखवली.

आणि आयसिसॉरस. तोही चंद्रपूर जिल्ह्यातला, डोंगरगावचा. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी खणून काढला, म्हणून हे नाव. मान इतर लांबमान्यांच्या तुलनेत आखूड, पुढचे पाय लांब, त्यामुळे खांदे वर उचलल्यासारखे. टी-रेक्स तिकडे उत्तर अमेरिकेत फिरत होता, साधारण त्याच काळात हा इकडे चरत होता. मग साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या बाजूला उल्का पडली. आणि त्याच काळात, त्याच्या आधी सुरू होऊन नंतरही चालू राहिलेले लाव्ह्याचे लोट इथे दख्खनवर पसरत होते, थरावर थर. उल्केने किती घात केला आणि लाव्ह्याने किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. पण लाव्हा कुठे आहे, यावर वाद नाही. वेताळ टेकडी तोच. पर्वती तोच. सिंहगड तोच. पाताळेश्वराचं लेणं त्याच दगडात कोरलं आहे. टेकडीवरच्या खाणीत हात लावलात तर कातळाला बारीक भोकं लागतात, वितळलेल्या दगडातून वायूचे बुडबुडे वर येताना थिजले त्यांची. काही भोकांत नंतर पांढरे स्फटिक भरले. भाचा लहान असताना ते नखाने उकरायचा आणि त्याला साखर म्हणायचा.

म्हणूनच २०१८ च्या सिनेमातला तो धक्क्यावरचा ब्रॅकिओसॉरस मला विसरता येत नाही. बाकीच्या जगासाठी तो एका काल्पनिक बेटावरचा करुण प्रसंग आहे. आपण पुण्यातली माणसं मात्र तशाच लाव्ह्यावर घरं बांधून राहतो.

पुढचा सिनेमा कधी येईल तेव्हा येईल, आणि पुन्हा याद्या होतील. काहींना तो जास्त भयानक हवा असेल. काहींना कादंबरीतले उरलेले प्रसंग हवे असतील. कादंबरी वाचणाऱ्यांच्या मागण्या कधी संपत नाहीत, आणि राफ्टनंतर त्यांचा हुरूप वाढलाय. पिसांचं भांडण चालू राहील. ते मला योग्य वाटतं, कारण व्हेलोसिरॅप्टरच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा २००७ मध्येच दाखवल्या गेल्या, आणि सिनेमातले व्हेलोसिरॅप्टर अजून बहुतेक बोडकेच हिंडतात. सगळं शास्त्रशुद्धच हवं, असं मी म्हणणार नाही. पहिल्या सिनेमातला डायलोफोसॉरस गळ्याची झालर फुलवून विष थुंकतो, त्याला कसलाच पुरावा नव्हता. तरी तो पटला. कारण आधी तो पिल्लासारखा कुतूहलाने मान तिरकी करतो, माणसाभोवती उड्या मारतो. ज्यांनी तो केला त्यांनी जनावरं बघितली होती. कल्पना हवी तेवढी लढवा, पण ती जनावराच्या अंगावरून निघू दे. सहा अवयव लावल्याने भीती सहापट होत नाही.

मला पुढच्या सिनेमात कमी प्राणी हवेत. एखाद दुसराच असला तरी चालेल, पण त्याच्याजवळ वेळ काढा. त्याला पाणी पिताना दाखवा, आजारी दाखवा, पावसात उभा दाखवा. पहिल्या सिनेमातली ती आजारी ट्रायसेराटॉप्स आठवते ना? शास्त्रज्ञ तिच्या पोटावर डोकं टेकवतो आणि तिच्या श्वासाबरोबर वरखाली होतो. तिथे कुणी कुणाला खात नाही, आणि तरी माझ्या शेजारी बसलेल्या आईने तेव्हा माझा हात धरला होता. आणि जमलं तर, कळपात मागे कुठेतरी, आखूड मानेचा आणि उंच खांद्यांचा एक असू दे. त्याच्यावर कॅमेरा नेऊ नका. कुणीतरी जाता जाता त्याचं नाव घ्या, बस.

सिनेमानंतरच्या रविवारी भाचा सकाळीच आला. आईने उपासाची साबुदाण्याची खिचडी केली होती, ती खाऊन तो चित्रकलेचा कागद घेऊन जमिनीवर पालथा पडला. वहीतल्या यादीत राफ्टपुढे आणि स्पिनोसॉरसपुढे खूण झाली होती, पिसांपुढे फुली. माझ्या ओळीपुढे त्याने आता चौकट काढली होती आणि त्यात अर्धी खूण.

तासाभराने कागद दाखवला. आयसिसॉरस. पुढचे लांब पाय, वर आलेले खांदे, आखूड मान, खाली गवत. मागचे पाय तुटक रेषांनी काढलेले. आणि मान जिथे संपत होती तिथून पुढे काही नाही, कोरा कागद.

बाबांनी चष्मा लावला. "डोकं राहिलं."

"राहिलं नाही, आजोबा. सापडलंच नाही अजून. मागचे पायपण नाहीत, म्हणून डॉट डॉट केले. डोक्यासाठी जागा ठेवलीय."

बाबा बराच वेळ कागद बघत होते. मग त्यांनी पुढच्या पावलावर बोट ठेवलं. "हा पाय दाबून काढ. सगळं वजन इथे येतंय याचं."

भाच्याने पेन्सिलीला टोक केलं आणि कागद पुन्हा जमिनीवर ठेवला.